ऊनझरीच्या कुंडातला हत्ती

गोंदियाच्या स्टेशनावर जानेवारीतल्या पहाटे मी उतरलो तो लंगडत, पण रुबाबात. लंगडणं गुडघ्याचं होतं, रुबाब माझा स्वतःचा.

मला गरम पाण्याचा नाद आहे. नाशिकला आमच्या घरी चांगला गीझर आहे आणि बायको त्याची आठवण मला दर प्रवासाआधी करून देते. पण भिंतीवरच्या डब्यातून येणारं गरम पाणी वेगळं आणि जमिनीनं आपण होऊन तापवून दिलेलं पाणी वेगळं. पहिल्यात माणूस अंघोळ करतो, दुसऱ्यात दरबार भरवतो. कोकणापासून खानदेशापर्यंत कितीतरी झऱ्यांत मी बसून आलो आहे. प्रत्येक ठिकाणी अंग शेकलं आणि प्रत्येक ठिकाणी चार लोक गोष्ट ऐकायला मिळाले. गुडघा हे डॉक्टरला सांगायचं कारण. खरं कारण दुसरं होतं.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर मी ऊनझरीची चौकशी केली. टपरीवाला भुवया उंचावून म्हणाला, "उधर क्या है भाऊ? गरम पानीच तो है."

"तेच तर पाहिजे!"

"गरम पानी तो अपने पास भी है," म्हणत त्यानं किटली उचलून दाखवली. मी त्याला मनातल्या मनात सलाम केला. परगावात पाऊल टाकल्या टाकल्या कुणीतरी आपल्यावर कडी केली की प्रवास चांगला होतो, असा माझा अनुभव आहे.

कोहमाऱ्याच्या बसनं शहर सोडलं तेव्हा राईस मिलमधल्या कोंड्याचा वास खिडकीतून आत आला आणि गोरेगावपर्यंत अधूनमधून भेटत राहिला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या शेतांत धानाची खुंटं उभी होती. मध्येच एखादं तळं चकाकायचं, तळ्याच्या पाळीवर बगळे. एवढी तळी मी एका रस्त्यावर कधी पाहिली नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्यानं ती सगळी जुन्या कोहळी शेतकऱ्यांनी बांधली, असं सांगितलं ते अशा सुरात, की जणू स्वतः कालच माती टाकून आला आहे.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर ट्रकांची रांग, ढाब्यावरच्या तडक्याचा ठसका, आणि एक काळी-पिवळी. काळी-पिवळी म्हणजे या भागातली वडाप जीप; ती भरल्याशिवाय निघत नाही आणि कितीही माणसं बसली तरी भरत नाही. माझ्या मांडीला मांडी लावून एक सावळी, उंच, पन्नाशीची बाई बसली. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, नजर सरळ समोर.

"कोणाच्या इथं जाऊन राहिले जी?" तिनं विचारलं.

"कुंडावर. अंघोळीला."

"एवढ्या दुरून अंघोळीले?" तिनं मला वरून खाली न्याहाळलं. "घरी पानी नाई का?"

माझ्या बायकोला हिचा पत्ता द्यायला हवा होता.

तिचं नाव सगुणाबाई. शेती ऊनझरीतच. सडक अर्जुनीला औषध आणायला गेली होती, पिकाच्या औषधाला. मी कारण विचारलं आणि तिनं एका दमात सांगितलं. उन्हाळी धानाचे पऱ्हे (लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली कोवळी रोपं) थंडीनं पिवळे पडत होते. आधी टाकलेलं बी थंडीत उगवलंच नाही. हे दुसऱ्यांदा टाकलेलं, आणि घरातलं बियाणं संपलेलं.

"औषधानं काई होत नाई, मले बी मालूम हाये," ती म्हणाली. "पन आज माही पारी हाये. सांजेले झरीचं तातं पानी वाफ्यात सोडतेत. रातभर पान्याच्या उबीत राह्यले का वाचतेत पऱ्हे. आजच्या पान्यानं वाचले तं वाचले. मंग आठ दिवस दुसऱ्याच्या पाऱ्या."

पारी म्हणजे पाण्याची पाळी, आणि तातं म्हणजे गरम, हे मला कळलं. ते पाणी नेमकं कुठून सोडतात, हे मात्र मी विचारलं नाही. मी त्या वेळी माझ्या सासऱ्यांची कोकणातली गोष्ट तिला सांगायच्या घाईत होतो. ती सुरू करणार एवढ्यात ऊनझरी आली.

ऊनझरी एका टेकडीच्या कुशीत आहे. वर साग आणि मोह, खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं). मधोमध कुंड. एके काळी इथं दूरदूरची दुखणाईत माणसं बैलगाड्या करून येत, महिना-महिना राहत. त्यांच्यासाठी बांधलेली धर्मशाळा अजून उभी आहे. निम्म्या खोल्यांत आता धानाची पोती आहेत. कुंडाचे काळे दगड कुणी बसवले, यावर गावात एकमत नाही. गोंड राजानं, असं काही म्हणतात. बाकीचे म्हणतात, राजाला कायले पायजे, आमच्याच लोकांनी बसवले. मी दोन्ही पक्षांना मान डोलावली आणि दोन्ही घरी चहा प्यालो.

धर्मशाळेची किल्ली डोमाजींकडे. डोमाजी गावचे पाणकर, म्हणजे तळ्याचं आणि झरीचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघणारे. साठीचे, काटकुळे, खांद्यावर फावडं असं की ते अंगाचाच भाग वाटावं. त्यांच्या ओसरीवर मी जेवलो: गरम भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातल्या बोटभर माशांचं तिखट कालवण. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि ताटात पुन्हा भात. जेवताना मी कुंडाचे नियम विचारले.

"नियम एकच हाये जी," डोमाजी म्हणाले. "पान्यात बसल्या मानसाले आमच्या इथं ऊठ म्हनत नाईत. मानूस दुखनं घेऊन येते. त्याचं मन भरलं का आपनच उठते. आमच्या आज्या-पंज्यापासून कोनी म्हटलं नाई."

माझा घास हातात राहिला. आयुष्यभर मी ज्या गावाच्या शोधात होतो ते हेच!

"पन सकारी नाहाल तं बरं रायते," ते पुढे म्हणाले. "सांजेले..." आणि थांबले. पाहुण्याला अंघोळीची वेळ ठरवून देणंही बहुधा त्यांच्या जिभेवर येईना.

"थंडीत सकाळी? छे हो!" मी म्हणालो, आणि धर्मशाळेत जाऊन ताणून दिली.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. पंचा नेसून, वर स्वेटर चढवून, पॅन्ट खांद्यावर टाकून मी कुंडावर आलो. पाण्यावरून वाफेचा पातळ पदर सरकत होता. कोपऱ्यातल्या दगडातून एक जाड लाकडी खुंटा वर आलेला, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. काय सोय आहे, मी म्हणालो, आणि त्याला पॅन्ट अडकवली. स्वेटर पायरीवर ठेवला आणि उतरलो.

त्या पाण्याचं वर्णन मी करणार नाही. कोमट नाही, कढत नाही. आईनं हात घालून बघितलेलं असतं तसं. गुडघा प्रथम कुरकुरला, मग गप्प झाला, मग झोपी गेला.

थोड्या वेळानं डोमाजी आले. फावडं टेकून पायरीवर बसले. मग सगुणाबाई आली, तीही बसली. मग बांधाकडून आणखी दोघं-तिघं. मी पाहिलं, माझा दरबार भरला होता. आणि दरबार भरल्यावर गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

"तुम्हाला सांगतो," मी सुरुवात केली, "कोकणात असंच एक कुंड आहे. तिथं मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. सासरे म्हणजे मोठं प्रस्थ. आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. तर ते पाण्यात उतरले, उबेनं त्यांना आली जांभई, जांभईतून आली शिंक, आणि शिंकेसरशी त्यांची कवळी, वरची आणि खालची, डुबुक!"

"मंग?" डोमाजींनी लगेच विचारलं. "सापडली का जी?"

काय श्रोता! इतका अधीर श्रोता मला नाशिकात कधी मिळाला नाही. अशा श्रोत्याला शेवट लगेच दिला तर तो त्याचा अपमान होतो. मी सासऱ्यांचा राग रंगवला, सासूबाईंचं तोंडावर पदर धरून हसणं रंगवलं, पुजाऱ्यानं उडी मारली ती रंगवली. मध्येमध्ये प्रश्न येतच होते.

"मंग संपली का जी?"

"आता कुठे सुरू झाली!"

सगुणाबाई टेकडीकडे बघत होती. सूर्य तिथं सागाच्या शेंड्यांना टेकायला आला होता. फार तन्मय झालेला श्रोता असाच दूर बघतो, मी मनाशी म्हटलं.

डोमाजींच्या घरातून चहा आला. तो सगळ्यात वरच्या, लांबच्या पायरीवर ठेवला गेला.

"या जी, चहा थंडा होऊन राहिला."

"इकडेच द्या की!"

"पान्यात चहा पेत नाईत जी."

"मी पितो!" मी हात लांब केला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कप माझ्या हातात आला. पाण्यात बसून गरम चहा म्हणजे काय असतं, ते मी त्यांना सविस्तर सांगितलं.

"बोटं सुरकुतली असतीन तुमची," डोमाजी म्हणाले. केवढी काळजी! मी बोटं वर करून दाखवली. थोडी सुरकुतली होती, पण गोष्ट अर्ध्यावर होती.

"सैपाक होऊन राहिला. आज अयते केले." अयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन.

"वा! मग भूक आणखी वाढू दे. तर पुजारी पाण्याखाली गेला आणि..."

"थांबा जी," सगुणाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमची लगित मोठी हाये. मधात माही एक लहान सांगू का?"

गोष्ट सांगणाऱ्याला दुसऱ्याची गोष्ट ऐकावी लागते, हा आमच्यातला शिष्टाचार. मी पाण्यातच मांडी घातली.

"एक बाई होती," ती म्हणाली. "तिनं धानाचं बी टाकलं, थंडीनं खाल्लं. तिनं आखीन टाकलं. तेही पिवरं पडून राहिलं. मंग तिची पान्याची पारी आली. तिले वाटलं, आता वाचते."

"वाचलं?"

"पानी कुंडात होतं. कुंडाचा तुडुम (पाणी सोडायचं तोंड, त्यात लाकडी खुंट्याचं बूच बसवलेलं) उघडला का पाटानं वाफ्यात जाते. उन्हं हायेत तवरच सोडा लागते. उन्हं गेली का पाट गार होते, पानी वाटेतच थंडं होते. पन ती गेली तं कुंडात हत्ती बसला होता."

मला गोष्ट आवडायला लागली होती. "हत्ती? मग हाकलायचा की!"

"कसा हाकलाचा जी? हत्ती पाहुना होता."

कुणीतरी खाकरलं. डोमाजी फावड्याच्या दांड्याकडे असे बघू लागले, जणू त्यावर काहीतरी लिहिलेलं आहे.

"त्याले चहा देऊन पाह्यला, तं पान्यातच पेला," सगुणाबाई म्हणाली. "जेवाले बलावलं, तं म्हने भूक वाढू द्या. आन आपली सोंड हालवून हालवून बोलूनच राहिला, बोलूनच राहिला."

"आणि बाई?" मी विचारलं.

"ती उन्हाकडे पाहून राहिली."

मी वर बघितलं. सूर्याचा निम्मा गोळा सागाआड गेला होता. मग कोपऱ्यातल्या खुंट्याकडे बघितलं. त्यावर माझी पॅन्ट होती. माझ्या पॅन्टीखाली सगुणाबाईचं पाणी बंद होतं, आणि मला ऊठ म्हणायला या गावात कुणाची जीभ रेटणार नव्हती, तिचीसुद्धा नाही.

"हत्ती उठला!" असं ओरडून मी असा काही उभा राहिलो की पहिल्या दोन पायऱ्या धुऊन निघाल्या. डोमाजींनी थांबून हसण्यात वेळ घालवला नाही. ते खुंट्यावर वाकले, त्यांनी तो दोन्ही हातांनी एका हिसक्यात उपटला, आणि खाली पाण्यानं घुटका घेतल्यासारखा आवाज झाला.

माझी पॅन्ट पाटात पडली आणि निघाली.

"पॅन्ट!" मी ओरडलो. पण सगळे पाण्याच्या तोंडाबरोबर फावडी घेऊन पळत होते, वाटेतली पानं-माती दूर करत. पॅन्ट पुढे, पाणी मागे, डोमाजी बाजूनं, आणि त्यांच्यामागे ओला पंचा आणि पायरीवरून उचलून कसाबसा चढवलेला स्वेटर अशा वेषात मी. बांधावरून वळणं घेत पाट उतरत होता. गार हवेत पाण्यातून वाफा निघत होत्या; एक लांब, धुरकट रेघ शेतांमधून सरपटत चालली होती. इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ते बघत मी बांधावरून दोनदा घसरलो.

पॅन्ट सगुणाबाईच्या वाफ्याच्या तोंडाशी पोचली आणि नेमकी तिथंच आडवी होऊन अडकली. पाणी तुंबलं, बांधावरून बाहेर सांडू लागलं.

"आता हत्तीचा पायजमा!" सगुणाबाई कडाडली. "काढा जी तो, काढा!"

मी चिखलात बसलो आणि दोन्ही हातांनी पॅन्ट ओढली. ती निघाली, मी मागे पडलो, आणि पाणी वाफ्यात शिरलं. ती अनवाणी पुढे गेली. पाण्यात पाऊल टाकलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली. सूर्य गेला होता. पिवळसर कोवळी पाती पाण्यात बुडत-उभी राहत होती.

"कसं आहे?" मी विचारलं.

"कोमट हाये," ती म्हणाली. बास, एवढंच. बरं झालं म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी डोमाजींकडे अयते जेवलो. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. असे मऊ, असे जाळीदार की एरवी मी त्यांच्यावर निदान अर्धा तास बोललो असतो. डोमाजी सारखे माझ्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "तब्येत बरी हाये ना जी? काऊन बोलून नाई राहिले?"

सकाळी सामान घेऊन मी आधी वाफ्यावर गेलो. बांधावर दव इतकं की चपला भिजल्या. सगुणाबाई माझ्या आधी तिथं होती, पदर कानांभोवती घट्ट गुंडाळून. वाफ्यातलं पाणी तिनं नुकतंच काढून दिलं होतं. पाटाच्या तोंडाकडचे पऱ्हे उभे होते, हिरवे, टवटवीत म्हणावेत असे. ती हिरवाई अशी पलीकडे पसरत गेलेली. फक्त लांबच्या कोपऱ्यात, जिथं पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गार पोचलं, तिथं पाती पांढरी पडून झोपली होती.

तिनं बोट दाखवलं. "तेवढा कोपरा तुमच्या गोष्टीत गेला."

माझ्या गोष्टींबद्दल आजवर पुष्कळांनी पुष्कळ म्हटलं आहे. लांबते म्हणाले, रंगते म्हणाले, जांभया दिल्या. पण जमिनीवर बोट ठेवून तिचं माप कुणी काढलं नव्हतं. मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.

"बाकीचं पुरेल?"

"पुरते जी. वरच्या बांधीत मूंग टाकीन. धान नाई तं मूंग." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "तुमचा गुडघा कसा हाये? काल तं मोप धावले."

खरंच की. काल बांधावरून धावताना मला गुडघा आहे याची आठवणही राहिली नव्हती. मी वाकून बघितलं, वळवून बघितलं. काही नाही.

"पानी चांगलं हाये आमचं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले सकारी बसा. सकारी कोनाची पारी नसते. मंग बोला पोटभर."

काळी-पिवळी निघायला टेकली होती. मी पाठीमागच्या फळीवर बसलो, पॅन्ट अजून ओली असल्यानं पंचा नेसून. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं, पण विचारलं नाही. जीपनं धक्का घेतला आणि डोमाजी फावडं घेऊन पळत आले. मागे सगुणाबाई.

"पन जी, थांबा ना!" डोमाजी ओरडले. "ती कवळी! सासऱ्याची कवळी सापडली का नाई?"

जीव सुपाएवढा झाला म्हणतात तो कसा, ते मला त्या क्षणी समजलं. ऐकत होते! उन्हाकडे बघत, खुंट्याकडे बघत, मला मनात शिव्या देत का होईना, ऐकत होते. पण जीप चालू लागली होती. रंगवायला जागा नव्हती. पुजारी, सासूबाई, तीन डुबक्या, काहीच बसत नव्हतं. मी दोन्ही हातांचा कर्णा केला.

"सापडली! पण ती भलत्याच कुणाची तरी होती, आणि सासरे आजतागायत तीच घालतात!"

डोमाजी फावड्यावर वाकून हसले. आणि सगुणाबाई, जी दोन दिवसांत एकदाही हसली नव्हती, ती पदर तोंडाला लावून रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसली. मग पदर बाजूला करून, चालत्या जीपच्या मागे चार पावलं येऊन तिनं ओरडून विचारलं,

"हेवढीच होती का जी? मंग कालच सांगाची ना!"

वळणावर गाव दिसेनासं झालं, पण ते वाक्य माझ्याबरोबर कोहमाऱ्यापर्यंत आलं, गोंदियाच्या स्टेशनावर आलं, गाडीत समोरच्या बाकावर बसलं. सहप्रवाशानं "कुठून येताय?" विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं आणि आधी खिडकीतून सूर्य कुठे आहे ते बघितलं. तो बराच वर होता. तरीही मी ऊनझरीची हकीकत त्याला पुढच्या स्टेशनाच्या आत सांगून संपवली, आणि तो इतका हसला की त्यानं स्वतःच्या डब्यातली भाकरी मला देऊ केली. तुम्हाला ती थोडी लांबवून सांगितली, ते तुमच्याकडे धान लावायचं नाही हे मला माहीत आहे म्हणून.

घरी पोचलो. बायकोनं दार उघडताच विचारलं, "कसा आहे गुडघा?"

"बरा आहे," मी म्हणालो.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. पुढे काही येत नाही म्हटल्यावर पिशवी खाली ठेवून तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.